बाप्तिस्म्याची तारीख

शाळेत शिरण्याआधी मी गाडीतच हात पुन्हा पुसले,
लिंबाच्या फोडीने, मग पेट्रोल पंपावरच्या साबणाने.
अकरा वर्षं हॅडॉक कापतोय न्यू बेडफर्डच्या कारखान्यात;
वास माझ्या आडनावाच्या आधी आत पोचतो.

नोएमिया बुटांना लागलेलं रस्त्यावरचं मीठ
पायपुसण्यावर नीट घासते.
हे तिला कुणी शिकवलं?
मी नाही.

फेब्रुवारी. रेडिएटर वाजतोय,
आतून कुणी चमच्याने ठोकावं तसा.
कोपऱ्यात संत अंतोन, त्याच्या हातातल्या बाळाचा एक पाय
गोंदाने चिकटवलेला, जरा वाकडाच.
मिसेस कार्व्हालो फॉर्म पुढे सरकवते:
चार पानं, आणि दोरीने टेबलाला बांधलेलं पेन.

जन्मदाखला. आहे.
लशी. आहेत, कांजिण्यांची दुसरीसुद्धा.
आईचं नाव. लिहिलं.
आईचा फोन. मी आडवी रेघ मारली,
आणि मिसेस कार्व्हालो खिडकीबाहेर बघू लागली,
उपकार केल्यासारखी.

मग नववा रकाना: आमच्या चर्चचे सभासद आहात का?
असाल तर वर्षाला नऊशे डॉलर कमी.
नऊशे म्हणजे जवळजवळ अख्ख्या हिवाळ्याचं तेल.

सहा वर्षांपूर्वी माझा भाऊ आदेलिनो बोटीवर गेला.
बोट सापडली.
त्या रविवारी फादर म्हणाले, देवाची इच्छा.
मी उठलो, कोट उचलला,
आणि तो कोट परत कुठल्याच रविवारी घातला नाही.
नोएमिया तेव्हा पोटात होती.
तिच्या डोक्याला त्यांचं पाणी लागलं नाही.
मी लागू दिलं नाही.

मग हीच शाळा का?
कारण इथे साडेपाचपर्यंत कुणीतरी पोरांजवळ थांबतं.
कारण सरकारी शाळेतली बाई मला दोनदा
दुसऱ्याच कुणाचा बाप समजली.
कारण, खरं सांगू, मी इथेच वाचायला शिकलो,
आणि जिन्याच्या कठड्यावर आदेलिनोने खिळ्याने कोरलेला 'ए'
रंगाच्या चार थरांखाली अजून बोटाला लागतो.
येताना चाचपून आलो.

"बाप्तिस्म्याची तारीख?"
"झालेला नाही," मी म्हणालो. "नऊशे राहू द्या."

"झालाय," नोएमिया म्हणाली.
पाय जमिनीला पोचत नव्हते, ते हलवत.
"तिया देओलिंदाने केला. सिंकमध्ये.
आधी बटाट्याची सालं काढली.
मग पिठाच्या कपाने तीनदा पाणी घातलं.
म्हणाली, बाबाला सांगू नकोस,
त्याचं पाण्याशी भांडण आहे."

देओलिंदा. माझी वहिनी.
भांडण तर तिचं असायला हवं होतं.
तिने नळ सोडला, पाणी कोमट होईपर्यंत थांबली असणार,
ती नेहमी थांबते,
आणि ताकास तूर न लागू देता
रात्री मला केलचं सूप वाढलं,
वर म्हणाली, मीठ बघ.

मिसेस कार्व्हालोने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"घरी केलेला चालतो. फादर नोंद करतील.
साक्षीदार कोण होतं?"
"मांजर," नोएमिया म्हणाली.
"आणि तारीख?"
"माझा दात दुखत होता तेव्हा."

मला हसू आलं, आणि हसताना घशात काहीतरी अडकलं,
माशाचा काटा अडकतो तसं;
भात गिळून जात नाही असलं.

नववा रकाना मी कोराच ठेवला.
शेवटच्या पानावर: पालकांनी वर्षाला वीस तास मदत करावी.
"उपवासाच्या शुक्रवारी मासे तळतो आम्ही, तळघरात,"
मिसेस कार्व्हालो म्हणाली, "कापायला माणूस नाही."
माझ्या हातांकडे तिने बघितलं नाही.
बघायची गरजच नव्हती, वास आला असणार.
सही केली.

जुन्या गणवेशांच्या कपाटातून चौकड्यांचा एक झगा मिळाला,
कॉलरच्या आत कुणा रेझेंदिशचं नाव, खोडलेलं.
बाही जरा लांब. वाढेल ती.

उतरताना नोएमिया कठड्यावरून हात घसरवत होती.
मध्येच थांबली.
"इथे काहीतरी आहे."
मी बोललो नाही.
तिने डोळे मिटले, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
"हे अक्षर," ती म्हणाली, "मला येतं."